पूर्वपुण्याईचा मुशाहिरा

संघाची तिजोरी मर्यादित असली म्हणजे उतारवयाकडे झुकलेल्या नामांकित खेळाडूशी केलेला करारनामा हा केवळ त्याचा व मालकाचा खाजगी व्यवहार राहत नाही. ज्यांची नावे अद्याप कोणत्याही दप्तरात चढलेली नाहीत अशा होतकरू मुलांच्या हिश्शाचाही तो व्यवहार ठरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे आयपीएलचा लिलाव झाला तेव्हा प्रत्येक संघास १२० कोटींची मर्यादा होती, आणि मुंबई इंडियन्सने पाच खेळाडू राखण्यातच त्यांपैकी ७५ कोटी गुंतविले होते. त्यांत सदतीस वर्षांच्या रोहित शर्माची तरतूद १६ कोटी ३० लाखांची. बाकीचा सारा संघ ४५ कोटींत उभारावयाचा होता. रोहितने पुढल्या हंगामात चारशेहून अधिक धावा केल्या, तेव्हा ही रक्कम वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो बहुतेक सामन्यांत ‘इम्पॅक्ट प्लेयर’ म्हणून केवळ फलंदाजीपुरता उतरला, हेही नजरेआड करता येत नाही.

याच संघाच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, त्याचे स्मरण प्रत्येक लिलावापूर्वी व्हावे. २०१३ साली मुंबईने अडतीस वर्षांच्या रिकी पाँटिंगला चार लाख डॉलर देऊन कर्णधार केले. सहा सामन्यांत त्याच्या बावन्न धावा झाल्या. इतकी रक्कम मोजली आहे, एवढे मोठे नाव आहे, या सबबीवर त्याला खेळवीत राहणे कोणालाही सोपे गेले असते. पण पाँटिंगने स्वतःच स्वतःला वगळले आणि कर्णधारपद रोहितकडे सोपविले. त्याच वर्षी २६ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला तेवीस धावांनी हरवून मुंबईने पहिले विजेतेपद मिळविले, आणि पुढे रोहितच्याच कारकिर्दीत आणखी चार मिळाली.

चेन्नईचे उदाहरण अधिक नाजूक आहे. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूस ‘अनकॅप्ड’ गणावे, हा बंद झालेला नियम पुन्हा अमलात आला आणि विश्वचषक जिंकून देणारा महेंद्रसिंग धोनी नवख्यांच्या सवलतीत अवघ्या चार कोटींना राखला गेला. पैशाच्या हिशेबाने हा सौदा स्वस्तच. महाग पडली ती जागा. २८ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूविरुद्ध धावांचा डोंगर समोर असता धोनी नवव्या क्रमांकावर आला, सोळा चेंडूंत नाबाद तीस धावा काढून गेला, आणि सामना पन्नास धावांनी गेला. त्या हंगामात चेन्नई प्रथमच तळाला राहिली. विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे त्या संघात आला तो ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला म्हणून. त्याने बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या तेव्हा मनात आले की, अशा मुलाला दार उघडण्यासाठी कोणाचे कोपर दुखावण्याची वाट का पाहावी लागावी?

अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न आकड्यांत उघडा पडतो, कारण तेथे वेतनमर्यादेवर सारी संघबांधणी अवलंबून असते. लॉस एंजेलिस लेकर्सने २०१३ मध्ये, टाचेचा स्नायुबंध तुटून बसलेल्या कोबी ब्रायंटशी दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरांचा करार केला. २०१५-१६ मध्ये मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम त्या एकट्यावर गेली आणि संघ ८२ पैकी १७ सामने जिंकला. उलट सॅन अँटोनिओच्या टिम डंकनने २०१२ मध्ये स्वतःचे वेतन निम्म्याहून खाली आणले, आणि २०१४ चे अजिंक्यपद त्याच्या संघाने मिळविले. डंकनच्या औदार्याची थोरवी मला मान्य आहे. तथापि खेळाडूच्या औदार्यावर व्यवस्था उभी करणे मला पटत नाही.

आमच्या मराठवाड्यातील जुन्या लोकांना ठाऊक आहे की, पूर्वसेवेचे इनाम वेगळे आणि चालू चाकरीचा मुशाहिरा वेगळा. आयपीएलने हीच दोन खाती वेगळी करावीत. दीर्घकाळ एकाच संघाची सेवा केलेल्या खेळाडूस, तो अंतिम अकरांतून निवृत्त झाल्यावर, मालकाने मर्यादेबाहेरच्या खात्यातून वाटेल तेवढे द्यावे. मे २०२५ मध्ये वानखेडेवर एका स्टँडला रोहितचे नाव दिले गेले, त्या कृतज्ञतेने कोणाचीही जागा अडली नाही. मैदानावरील मोबदला मात्र चालू हंगामाच्या कामापुरताच असावा. तुळजापूरकडचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये दीड कोटींना चेन्नईत गेला, तेव्हा मुदखेड जंक्शनवर किटबॅग घेऊन पुण्याच्या निवडचाचणीस निघणाऱ्या पोरांना ती वाट आपलीही वाटली. त्यांच्यासाठी ती मोकळी ठेवणारा नियम पुढील मोठ्या लिलावाआधी नियामक मंडळाने करावा, आणि त्याची पहिली मागणी रोहितसारख्या खेळाडूने करावी. पाँटिंगने रिकामी केलेली जागा त्यालाच मिळाली होती.