कानात रातकिडे ओरडतात तेव्हा

मंडळी, दिवसाच्या गडबडीत जे जाणवत नाही ते रात्री जाणवते. जेवणे आटोपली, जनावरांना वैरण टाकली, दिवा मालवला, की कानात सुरू होते. कुणाला रातकिड्यांसारखी किर्र, कुणाला शिट्टी, कुणाला लांबवर इंजिन चालल्यासारखी घरघर. शेजारी निजलेल्याला विचारावे तर त्याला काहीच ऐकू येत नाही. भास झालेल्याला आपण थट्टेने म्हणतो, 'कान वाजले असतील तुझे.' ज्याचे कान खरोखरच वाजतात त्याला ही थट्टा नकोशी होते.

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. मालक पन्नाशीच्या पुढचे, हंगामात भाड्याने मळणीयंत्र चालवतात. दोन वर्षे कान वाजताहेत. झोप नाही, चिडचिड वाढली. कुणी सांगितले, हा नसांचा अशक्तपणा, ताकदीच्या सुया घ्या. तेव्हापासून आठवड्याला एक 'लाल सुई' आणि शहरातून आणलेल्या जीवनसत्त्वाच्या भारी गोळ्या रोज दोन. आठ महिने झाले. कान थांबले नाहीत, उलट आता पायांची बोटे बधिर वाटतात. ताई विचारतात, आणखी किती दिवस घ्यावे?

ताई, आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. कानाच्या आत, अगदी खोल, बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाज टिपून मेंदूकडे पाठवतात. वर्षानुवर्षे यंत्राचा कर्कश आवाज सोसला की त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदू काय करतो? स्टेशन लागत नाही म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि नुसती खरखर ऐकू येते ना, तसेच काहीसे. ही खरखर सुईने पुसली जात नाही.

मग 'ब' जीवनसत्त्वाचे नाव यात आले कसे? ते अगदीच पोकळ नाही. मोटारीच्या तारेवर जसे वेष्टण असते तसे नसांवरही असते, आणि ते नीट राहायला ब-१२ लागते. ते मिळते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. धान्यात, डाळीत, पालेभाजीत ते नसते. आपल्याकडे त्याची कमतरता घरोघर आहे. पुणे व आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले गेले, त्याचा अहवाल २००६ साली छापून आला. तिघांतल्या दोघांत ब-१२ कमी निघाले. माळकरी घरात, म्हातारपणी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही शक्यता जास्त. जीभ गुळगुळीत व लाल होणे, तळव्यांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा या तिच्या खुणा.

आपल्याच देशात कान वाजणाऱ्या ४० रुग्णांवर एक लहानसा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १७ जणांत ब-१२ कमी होते. सुया दिल्यावर ज्यांच्यात कमतरता होती त्यांना काहीसा आराम पडला. ज्यांच्यात नव्हती त्यांना नाही. विहिरीत पाणी नसेल तर पाणी आणावे लागते, भरलेल्या विहिरीत टँकर ओतून काय होणार? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ साली आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, की नुसत्या कान वाजण्यासाठी जीवनसत्त्वे वगैरे पूरक गोळ्या सुचवू नका.

जाता जाता एक सांगतो. सुई लाल दिसते ती तिच्यात रक्त आहे म्हणून नव्हे. ब-१२ चा रंगच लाल. गोळ्यांनी लघवी पिवळीजर्द होते तीही उष्णता बाहेर पडते म्हणून नव्हे. जास्तीचे ब-२ वाहून जाते.

ताई, मला खरी काळजी आहे ती बधिर बोटांची. 'ब' जीवनसत्त्व जास्त झाले तरी लघवीतून जाते, अपाय नाही, असे सर्रास बोलले जाते. ब-६ च्या बाबतीत ते खोटे आहे. त्याची रोजची गरज दोन-तीन मिलिग्रॅमची. काही भारी गोळ्यांत ते शंभर मिलिग्रॅमपर्यंत असते. असा मोठा डोस महिनोन्महिने घेतला तर त्यानेच नसा बिघडतात आणि हातपाय बधिर होतात. मधुमेहानेही होतात, ब-१२ च्या कमतरतेनेही होतात. घरी बसून कारण ओळखता येणार नाही. तेव्हा गोळ्या थांबवा, बाटली मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. सुया घेतल्याचेही सांगा, कारण सुई घेतल्यावर रक्तातले ब-१२ भरपूर दिसते आणि तपासणी फसवते. इतरांनी म्हणूनच आधी रक्त तपासावे, मग सुई.

आणि कान तपासून घ्या. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो काढला की आवाज बंद. घरी तेल ओतू नका, काडी घालू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा आवाजही मागे पडतो. रात्री पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात चालू ठेवला तर झोप लागायला मदत होते. यंत्रावर उभे राहताना कानावर चांगली टोपणे हवीत. नुसत्या कापसाच्या बोळ्याने फारसे भागत नाही.

एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप, सोबत चक्कर, किंवा एका रात्रीत कान बंद होणे, यांपैकी काही असेल तर मळणी अर्धी टाकून त्याच दिवशी तालुक्याला जा. अचानक गेलेला कान पहिल्या काही दिवसांतल्या उपचाराने परत येण्याची आशा असते, महिन्याने फारशी नसते.

ताई, मालकांना दोन्ही कानांत आवाज येतो की एकाच, हे तुमच्या पत्रात नाही. आज रात्री तेवढे विचारा.