पिवळ्या प्रश्नचिन्हाविषयी

प्रति,
मा. प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक, नवी दिल्ली

महोदय,

ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली की डिजिटल सहीच्या जागी बहुधा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ते घालवायची कृती आधार प्राधिकरणानेच दिली आहे: सहीवर उजवे क्लिक करा, प्रमाणपत्रांच्या साखळीतले नाव पाहा आणि ते विश्वसनीय यादीत घाला. मग हिरवी खूण उमटते. फाइल तीच, सहीही तीच. बदलतो तो फक्त आपला संगणक.

माझी तक्रार त्या 'नाव पाहा'वर आहे. नाव कुणालाही घालता येते. उद्या एखाद्या भामट्याने तुमच्या नावाचे मूळ प्रमाणपत्र (साखळीतले सर्वांत वरचे) घरी बनवून त्याखाली खोट्या कागदावर सही केली, तर हीच कृती केल्यावर तीच हिरवी खूण येईल.

मी कोलकात्यात राहतो. 1897 साली बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी या शहरात निघाली. श्रेय ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रींच्या नावावर गेले. वर्गीकरणाचे डोके मात्र त्यांच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे. (हे इथे कुणाला विचारा, अर्धा तास ऐकून घ्यावे लागेल.) त्या कचेरीची सगळी मदार आधीपासून जपून ठेवलेल्या ठशांवर होती. जुळवायला दुसरा ठसा नसेल तर हातातला ठसा मुका. प्रमाणपत्रालाही असा ठसा असतो, आकडे-अक्षरांची एक लांब ओळ. ती कशाशी ताडून पाहायची, हे सामान्य माणसाला कोण सांगणार?

शंका हवेतली नाही. तुमच्याच मूळ प्रमाणपत्राखालच्या एनआयसीकडून (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून) गूगलच्या संकेतस्थळांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे जुलै 2014 मध्ये उघडकीस आले होते. तुमच्या कार्यालयाने एनआयसीची दुय्यम प्रमाणपत्रे लगेच रद्द केली, हे मान्य. पण मुळावरचा विश्वास डोळे मिटून ठेवायचा नसतो, हे तेव्हाच दिसले.

खरी सहीसुद्धा फाइल निर्धोक असल्याची हमी देत नाही. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमवर रिअलटेक कंपनीची अस्सल सही होती, चोरलेल्या किल्लीने (सही करायच्या गुप्त संकेताने) केलेली. सही सांगते ती कुणाच्या किल्लीची आणि त्यानंतर मजकुरात फेरफार झाला की नाही, एवढेच. व्हॉट्सअॅपवर चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलवरही सही असते. ती भामट्याने स्वतःच केलेली. असे अॅप तुमच्या अखत्यारीत येत नाही, पण सहीचा अर्थ लोकांना समजावणे तरी येते.

मागणी साधी आहे. तुमच्या मूळ प्रमाणपत्राचा ठसा मराठी, बंगाली अशा सर्व भाषांतल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी छापा आणि टपाल कार्यालयांच्या फलकांवर लावा. संकेतस्थळावर तो असून भागत नाही. खोटे संकेतस्थळ उभारणाऱ्याला खोटा ठसाही टाकता येतो. आधार प्राधिकरणाच्या सूचनेत 'विश्वसनीय यादीत घाला'च्या आधी 'ठसा ताडून पाहा' ही पायरी घालून घ्या. बंगालीत सोपी पुस्तिका लिहायला माणसे हवी असतील, तर बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गूढलेखनाचे स्वतंत्र केंद्रच आहे.

आणि झेरॉक्सच्या दुकानांत एक पाटी लागू द्या: छापलेल्या कागदावरची हिरवी खूण हे नुसते चित्र आहे, तपासायचे तर आधार प्राधिकरणाच्या अॅपने क्यूआर स्कॅन करा.

आपला,
कोलकात्यातील एक मराठी नागरिक