जमीन सट्टेबाजाची, मरण शिपायाचे



सरहद्दीवर फौज निघाली की देशाचे नाव घेतले जाते. बंदूक खांद्यावर घेऊन जातो तो बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा. पण त्या सरहद्दीवरची जमीन शेवटी कोणाच्या नावावर चढणार, हे कोणी विचारत नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ओहायो नदीच्या उत्तरेला जे घडले, त्यात या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ दिसते.

१७८३ साली इंग्रजांनी तह करून हा मुलूख नव्या अमेरिकेच्या हवाली केला. तेथे राहणाऱ्या मायामी, शॉनी, डेलावेअर लोकांना कोणी विचारलेसुद्धा नाही. हे लोक नुसत्या शिकारीवर जगणारे नव्हते. नदीकाठी त्यांची मक्याची मोठमोठी शेते होती आणि ती शेती बायका करीत.

स्वातंत्र्याची लढाई जिंकली, पण सरकारच्या तिजोरीत रोकड नव्हती. शिपायांच्या हाती पगाराऐवजी कर्जरोखे आले. घरी परतलेल्या शिपायाला बैल घ्यायचे होते, कर भरायचा होता, सावकार दारात उभा होता. त्याने रोखा मिळेल त्या भावाने विकला. कित्येकांना रुपयामागे दोन-तीन आणे पडले. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेच्याचा कापूस पडत्या भावात घालणाऱ्याला यातले दुःख वेगळे सांगायला नको. पुढे १७९० साली सरकारने हे रोखे पूर्ण किमतीने फेडायचे ठरवले. मूळ शिपायालाही त्यात वाटा द्या, असे मॅडिसन यांनी सुचवले. प्रतिनिधिगृहाने ती सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली. सगळा पैसा रोखा विकत घेणाऱ्याला!

जमिनीचेही तसेच. १७८५ च्या कायद्याने सरकारी जमिनीचा लहानात लहान तुकडा ठरला ६४० एकरांचा आणि भाव एकरी किमान एक डॉलर. रोजच्या भाकरीला महाग असलेला शेतकरी ६४० डॉलर कोठून आणणार? मात्र १७८७ साली माजी लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेल्या ओहायो कंपनीने १५ लाख एकरांचा सौदा केला. किंमत तीच, एकरी डॉलर. पण भरणा त्याच स्वस्तातल्या रोख्यांनी! बाजारभावाने हिशोब केला तर एकराला दहा सेंटही पडले नाहीत. या सौद्यात सरकारी खजिन्याच्या मंडळाचा सचिव विल्यम ड्युअर स्वतःच भागीदार झाला आणि आणखी लक्षावधी एकरांवर त्याने हक्क राखून ठेवला. त्याच्या सायोटो कंपनीने ती जमीन पॅरिसमध्ये विकायला काढली. १७९० साली शेकडो फ्रेंच माणसे खरेदीखते घेऊन बोटीतून उतरली, तेव्हा कळले की जमीन कंपनीच्या मालकीचीच नाही.

मूळ रहिवासी हटत नव्हते. त्यांना हटवायला १७९१ साली फौज निघाली. सेनापती होता आर्थर सेंट क्लेअर. १७८७ चा सौदा मंजूर झाला तेव्हा काँग्रेसचा अध्यक्ष हाच होता. शिपायाचा पगार महिन्याला तीन डॉलर. त्यातला एक डॉलर कपडे आणि दवाखान्यापोटी कापून घेत. आणि फौजेला अन्न पुरवण्याचा ठेका कोणाकडे? त्याच ड्युअरकडे! ठेक्याची उचल त्याने सट्ट्यात फिरवली. इकडे जंगलात पिठाची टंचाई, घोड्यांना चारा नाही, तंबू निकृष्ट, बंदुकीची दारूही निकृष्ट. शिपाई पळू लागले. रसद वाचवण्यासाठी सरावलेली पलटण मागे पाठवावी लागली. ती नसतानाच ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे वाबाश नदीकाठी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या लोकांनी छावणीला घेरले. सहाशेहून अधिक सैनिक ठार झाले. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या चौकशी समितीनेही रसदीच्या गैरव्यवहारावर ठपका ठेवला. तोवर ड्युअरचे दिवाळे वाजून तो तुरुंगात पोचला होता. मेलेले शिपाई मात्र परत आले नाहीत.

१७९३ साली अमेरिकेचे वकील पैशाच्या बदल्यात जमीन मागायला आले. मूळ रहिवाशांच्या सभेने दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. आम्हाला पैसा नको, असे त्यांनी कळवले. नदीपलीकडून आलेले हे वसाहतवाले गरीब आहेत, नाहीतर असल्या धोक्याच्या जागी ते आलेच नसते. आम्हाला देऊ केलेली रक्कम आणि फौजेवर होणारा खर्च त्यांनाच वाटा, म्हणजे ते आनंदाने परत जातील.

ज्यांची जमीन बळकावली जात होती त्यांना समोरच्या गरीब शेतकऱ्याची नड कळली. त्याच्या स्वतःच्या सरकारला ती कळली नाही. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई झाली. त्यानंतर फौजेने मॉमी नदीकाठची मक्याची उभी शेते जाळली. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायो राज्याचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला. मोबदला २० हजार डॉलरचा माल आणि वर्षाला ९,५०० डॉलरचा!

हिशोब मांडून पाहा. कसणाऱ्या बायकांचे शेत गेले, शिपायाचा रोखा गेला आणि जीवही गेला, नव्या शेतकऱ्याला कंपनीच्या दारी जावे लागले. 

जगात कोठेही सरहद्दीच्या जमिनीसाठी शेतकऱ्याच्या पोरांना साद घातली जाईल, तेव्हा झेंड्याला नमस्कार जरूर करा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: त्या जमिनीचे कागद आधीच कोणाच्या खिशात आहेत?