‘रास्त’ किंमत कशाची?

अमेरिकेतील संग्राहक जुन्या थॉम्पसन सबमशीनगनची ‘रास्त’ किंमत विचारतात, तेव्हा आम्हाला कुतूहल वाटते ते त्या विशेषणाचेच. १९४४च्या सुमारास तिची सोपी केलेली एम१ए१ ही आवृत्ती सरकारला सुमारे ४५ डॉलरला पडे. आज खाजगी विक्रीस पात्र अशा नगाला २०,०००हून अधिक डॉलर मोजावे लागतात. पोलाद तेच! १९ मे १९८६पूर्वी कायदेशीर नोंदलेल्या मशीनगनच सामान्य नागरिकाला घेता येतात. त्यांत नवी भर नाही. ग्रंथाची पहिली आवृत्ती दुर्मीळ करतात वाळवी आणि विस्मृती. ही टंचाई मात्र कायद्याने घडवलेली. तेव्हा भाव बव्हंशी कागदाचा, आणि त्याला रास्त म्हणणे आम्हाला जड जाते. ज्याला घ्यायचीच आहे, त्याने नळीआधी नोंदणीपत्रावरचा क्रमांक जुळवून पाहावा. १९३४पासूनचा २०० डॉलरचा हस्तांतरण-कर वेगळाच.