बीजे दोन महिन्यांची, निकाल पंधरा वर्षांचा

प्रोस्टेटच्या कर्करोगात किरणोत्सारी बीजे रोवण्याच्या उपचाराची बातमी आली की मथळ्यात नव्वद टक्क्यांच्या वरचा एखादा आकडा झळकतो. आकडा सहसा खोटा नसतो. तो नेमका कशाचा आहे, एवढेच सांगितलेले नसते.

योजना देखणी आहे, यात वाद नाही. साडेचार मिलिमीटर लांबीच्या टायटॅनियमच्या कुपीत आयोडिन-१२५. त्याच्या किरणांची ऊर्जा अवघी तीसेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे ग्रंथीला भरपूर मात्रा मिळते आणि अंतर वाढताच ती झपाट्याने घटते. अशी बीजे मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्रही बनवते. अर्धायुष्य सुमारे ६० दिवस, म्हणजे वीस महिन्यांत किरणोत्सार सहस्रांशावर येतो. पुढची तेरा-चौदा वर्षे बीज निपचित पडलेले असते. काम करायचे असते ते नोंदवहीने.

कॅनडातील ‘असेंड-आरटी’ चाचणीचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्यम व अधिक जोखमीच्या ३९८ रुग्णांना संप्रेरकरोधक औषधे आणि बाह्य किरणोपचार दिल्यावर निम्म्यांना जादा मात्रा बीजांतून, निम्म्यांना बाहेरूनच दिली गेली. नऊ वर्षांनी रक्तातील पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात ८३ टक्के, दुसऱ्यात ६२. फरक घसघशीत आहे. परंतु एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही आणि मूत्रमार्गाचे गंभीर त्रास बीजांच्या गटात तिपटीहून अधिक निघाले. मथळा पहिल्या वाक्यापाशी थांबतो; लघवीच्या नळीसह पुढची वर्षे काढणारा माणूस तिथे थांबू शकत नाही.

‘जगण्याचे प्रमाण’ तर त्याहून फसवे. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेले १६४३ पुरुष होते. त्यांत बीजे नव्हती. शस्त्रक्रिया, बाह्य किरणोपचार आणि सक्रिय देखरेख असे तीन गट होते. पंधरा वर्षांनी या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला उपचार न करता देखरेखीखाली ठेवलेल्यांतही जर ९७ टक्के या रोगाने दगावत नसतील, तर सौम्य रोगातल्या ‘९५ टक्के यशा’चे श्रेय कोणी घ्यायचे?

दिल्लीतील पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेट पहिल्या तिनांत आहे. इथल्या मोठ्या रुग्णालयांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून माणसे येतात, उपचार घेऊन गावी परततात, मोबाइल क्रमांक बदलतात. अशा रुग्णांपुढे सिएटल किंवा व्हँकुव्हरचे आकडे ठेवणे ही शास्त्रीय माहिती नव्हे, जाहिरात आहे. परदेशी निकाल सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने स्वतःच्या किती रुग्णांचा पीएसए दहाव्या वर्षी हाती आहे, तेही त्याच पानावर छापावे. तपासणी दरभंग्यातही होते, गोरखपुरातही. त्यासाठी दिल्लीची गाडी पकडावी लागत नाही. पलीकडून फोन करून तो आकडा लिहून घेणारा एक कारकून मात्र लागतो, आणि त्याच्या पगाराची तरतूद यंत्रखरेदीच्या प्रस्तावात क्वचितच असते.