पाय मुरगळला, पण रजा कुठाय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक बाई जिन्यावरून घसरली. चार घरची धुणीभांडी करते. पाऊल आत वळलं, घोटा बाहेरच्या बाजूने सुजला. डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट ताणलंय, आराम करा." दुसऱ्या दिवशी ती कामावर! "ताई, आराम केला तर खाडा पडतो. ते पैसे कोण देणार?" माझ्या एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं.

मुळात आराम म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. पहिले दोन-तीन दिवस पायावर भार कमी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. या दिवसांत तेल लावून रगडणं आणि गरम शेक नको. मग सोसेल तसं चालायचं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या. हे काही आठवडे. सूज उतरली की हा व्यायाम बहुतेकजणी सोडतात, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखली किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेला हा नियम वस्तीतही वापरता येतो. गुडघा काही तासांत टम्म फुगला किंवा अडकला, तर घरगुती उपाय करत बसू नये.

सांगायला सोपं! पाय उशीवर ठेवायचा तेव्हाच नळाला पाणी येतं. नवऱ्याचा पाय मुरगळला तेव्हा हिने आठवडाभर त्याच्या हातात ताट दिलं होतं. हिच्या वेळी "एवढ्याशाने काय होतंय?"

ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. घरकामगार त्यात बसत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आजारपणाची भरपगारी रजा त्यातून मिळाली नाही. म्हणजे सगळं मालकिणीच्या मर्जीवर. आणि मालकिणी कोण? आपल्यातल्याही अनेकजणी. बैठकीत मी विचारलं, कामवालीला आजारपणात पगार कोण देतं? दोन हात वर आले. माझा नव्हता.

वर्षाला १५ दिवस भरपगारी रजा, आणि बदली बाईचे पैसे वेगळे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. दोघींचा विरोध आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलू. तेव्हा मात्र घरकाम करणाऱ्या मैत्रिणीही हजर असतील.