मृगाआधी पन्हळ साफ करा

7 जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी सगळे बी-बियाणे बघतात, पण पन्हळ कोणी बघत नाही. बाईंनी गणित सांगितले. 50 चौरस मीटर छपरावर 1 सेंटीमीटर पाऊस पडला, तर 500 लिटर पाणी होते. पन्हळीत पाला अडकला की ते भिंतीवर उतरते. मातीची भिंत भिजून रात्री अंगावर पडू शकते. काहीजण म्हणतात, गळायला लागलं की बघू. पण पावसात कौले निसरडी होतात, तेव्हा चढणे जास्त धोक्याचे. म्हणून मला वाटते, मोठ्यांनी मे महिन्यातच शिडी लावून पाला काढावा. आपण तो उकिरड्यात टाकू. शेवटी घागरभर पाणी ओतून बघावे. ते भिंतीपासून लांब पडले म्हणजे काम झाले.

इयत्ता 4 थी